विश्लेषण : घरच्या संगणकाला वायफायची 'कांडी'... घेण्याआधी काय तपासाल?

घरात फायबर आले, हॉलमध्ये राउटर बसला, सगळ्यांचे मोबाइल जोडले गेले. आतल्या खोलीतला डेस्कटॉप मात्र नेटविनाच राहिला. प्रवेश अर्ज, 'कॅप' फेरीचे पर्याय, शिष्यवृत्तीची कागदपत्रे हे सगळे मोठ्या पडद्यावर नीट दिसत असूनही मुले मोबाइलवरच भरतात, नाहीतर सायबर कॅफे गाठतात. यावरचा उपाय काही शे रुपयांत मिळतो. तो म्हणजे यूएसबी वायफाय अ‍ॅडॉप्टर. पण तो चुकीचा निवडला तर पैसे वाया जातात आणि जुन्या संगणकावर नवा धोकाही ओढवतो.

डेस्कटॉपला वायफाय का दिसत नाही?

लॅपटॉप आणि मोबाइलमध्ये वायफायची चिप आधीपासून असते. घरगुती डेस्कटॉपच्या, विशेषतः जुन्या मदरबोर्डवर ती बहुधा नसते. तिथे फक्त लॅन केबलची जागा असते. अ‍ॅडॉप्टर ही चिप बाहेरून पुरवतो. तो यूएसबीत लावला, ड्रायव्हर बसवला, पासवर्ड टाकला की संगणक राउटरला जोडला जातो.

दुकानात 'डोंगल' मागितले तर?

इथेच पहिली गफलत होते. सिमकार्ड घालून इंटरनेट देणाऱ्या उपकरणालाही 'डोंगल'च म्हणतात. अ‍ॅडॉप्टरमध्ये सिम नसते आणि तो स्वतः इंटरनेट देत नाही. घरात राउटर किंवा मोबाइल हॉटस्पॉट असेल तरच त्याचा उपयोग. म्हणून दुकानात 'डेस्कटॉपसाठी वायफाय रिसीव्हर' असे स्पष्ट सांगावे.

खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

'१५०' लिहिलेला स्वस्त अ‍ॅडॉप्टर सहसा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. १५० मेगाबिट हा कागदावरचा वेग आहे, हातात त्याच्या निम्माही पडेलच असे नाही. '६००' ही बेरीज असते: एका पट्ट्यावर सुमारे १५० आणि दुसऱ्यावर ४३३. संगणक मात्र एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडला जातो. '१२००' किंवा '१३००'चा अ‍ॅडॉप्टर घेतला आणि संगणकाला जुने यूएसबी २.० पोर्ट असेल, तर त्या पोर्टची कमाल मर्यादाच ४८० मेगाबिट आहे. यूएसबी ३.० पोर्ट आतून बहुधा निळे असते.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झ ऑक्टोबर २०१८मध्ये खुले झाले. राउटरवर दिसणाऱ्या नावापुढचे '५जी' म्हणजे हाच पट्टा. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही. फक्त २.४वर चालणाऱ्या अ‍ॅडॉप्टरला ते नाव यादीत दिसतच नाही आणि ग्राहकाला वाटते, वस्तू खराब निघाली.

सोलापुरातील घरांचा यात काय संबंध?

संबंध भिंतींचा आहे. जुन्या पेठांतील वाडे आणि धाब्याची घरे उन्हाळ्यात थंड राहतात ती जाड दगडमातीच्या भिंतींमुळे. त्याच भिंती वायफाय अडवतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो, पण भिंतीपलीकडे लवकर मंदावतो. २.४ दूर जातो, पण शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दीही त्यावरच असते. घराला लागून यंत्रमागाची पत्र्याची शेड असेल, तर पत्रा लहरी परतवतो. अशा ठिकाणी दोन्ही पट्टे पकडणारा आणि बाहेर अँटेना असलेला अ‍ॅडॉप्टर घ्यावा. नखाएवढा अ‍ॅडॉप्टर संगणकाच्या मागे लोखंडी पेटीआड लावला की सिग्नल आणखी घटतो. साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर आणला तरी फरक पडतो.

ड्रायव्हरचे कोडे कसे सोडवायचे?

नेट चालू होण्यासाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर उतरवण्यासाठी नेट हवे, अशी अडचण येते. सोबतच्या छोट्या सीडीसाठी अनेक संगणकांत ड्राइव्हच नसतो. अशा वेळी अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. तात्पुरते नेट मिळते आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेता येतो. महिन्यातून दोनदाच संगणक लागत असेल, तर टेदरिंगवरच भागेल, खरेदीची गरज नाही.

जुना संगणक नेटवर आणणे सुरक्षित आहे का?

सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. विंडोज ७चा आधार जानेवारी २०२०मध्ये संपला, तर विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. घरगुती ग्राहकांना काही अटींवर विंडोज १०ची वाढीव सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत देऊ केली आहेत. त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ला साधारण इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. म्हणजे आजवर नेटविना असलेला, म्हणून बऱ्यापैकी सुरक्षित असलेला संगणक अ‍ॅडॉप्टर लावताच उघड्यावर येतो. अद्यतने मिळत नसतील तर त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. लिनक्स बसवणे हा पर्याय आहे, पण मग अ‍ॅडॉप्टर लिनक्सवर चालतो का, हे आधी विचारावे.

मे २०२५मध्ये केंद्राने ६ गिगाहर्ट्झचा खालचा भाग परवानामुक्त करण्याचा मसुदा काढल्यापासून 'वायफाय ६ई'ची चर्चा आहे. मात्र संगणकावर हा पट्टा वापरायला विंडोज ११ लागते. जुन्या संगणकासाठी त्यावर जादा पैसे घालू नयेत.

मग घ्यावा का?

आधी राउटरपासून संगणकापर्यंतचे अंतर मोजा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, स्वस्त पडते आणि तिच्यावर भिंतीचा परिणाम होत नाही. केबल ओढणे शक्य नसेल तर दोन्ही पट्ट्यांचा अ‍ॅडॉप्टर घ्या. दुकानात जाताना विंडोजची आवृत्ती आणि यूएसबी पोर्टचा फोटो सोबत ठेवा, परत करण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. आणि अर्जाच्या शेवटच्या दिवसाची वाट न पाहता जोडणी आठवडाभर आधी तपासा.