भीड भिकेची बहीण

घरी पाहुणे आले की चारमिनारची फेरी ठरलेली. हिमायतनगरहून निघतानाच आपल्या सूचना सुरू होतात. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. लाड बाजारात बांगड्यांचा पहिला भाव खरा धरू नका. रस्त्यात कुणी मोत्यांची माळ नाचवत 'एकदम असली' म्हणाला, तर सरळ पुढे चला. मोती घ्यायचेच असतील तर पत्थरगट्टीच्या दुकानात बसून, पावती घेऊन. तिथेही आपण दोन मोती एकमेकांवर हळूच घासून पाहतो. खरे किंचित खरखरीत लागतात, नकली गुळगुळीत असतात.

इतकी तरबेज माणसं सुट्टीत परदेशी जातात आणि पहिल्याच चौकात फसतात. अक्कल तीच असते, पण तिथे आपण पाहुणे असतो. पाहुण्यानं गोड बोलावं, कुणाला तोडून टाकू नये, हे संस्कार अंगात मुरलेले. पर्यटनस्थळांवरचे भामटे नेमका त्याचाच फायदा घेतात.

पॅरिसचंच बघा. मोंमार्त्र टेकडीवर साक्रे-करचं सुंदर पांढरं चर्च आहे. आत जायला पैसे लागत नाहीत, पण खाली पायऱ्यांपाशी रंगीत दोरे घेतलेली माणसं उभी असतात. एक जण हसत 'कुठून आलात?' विचारतो, बोट धरतो आणि बोलता बोलता मनगटावर दोरा गुंफून गाठ मारतो. मग पैसे मागतो. देवळात गंडा बांधून घ्यायची सवय असलेले आपण हात मागे घेत नाही, आणि तो गंडा बांधता बांधता गंडा घालतो. सीन नदीच्या काठी दुसरा कुणी आपल्या पायाशी पडलेली 'सोन्याची' अंगठी उचलून 'तुमची का?' म्हणून विचारतो. आपण नाही म्हटलं की तीच आपल्याला भेट देतो आणि खाण्यापुरते पैसे मागतो. अंगठी पितळेची.

बँकॉकची तऱ्हा आणखी सभ्य. ग्रँड पॅलेसबाहेर नीटनेटक्या कपड्यांतला माणूस आदबीनं सांगतो, 'आज राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे. तोवर टुकटुकनं दुसरी देवळं बघा, अगदी स्वस्तात.' ती स्वस्त फेरी रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात संपते, कारण टुकटुकवाल्याला तिथून कमिशन असतं. राजघराण्याचे मोजके समारंभ सोडले तर राजवाडा रोज सकाळी साडेआठला उघडतो. दारापर्यंत चालत जाऊन बघितलं की खरं-खोटं कळतं.

इस्तंबूलमध्ये तर चांगुलपणालाच गळ लावतात. बूटपॉलिशवाल्याचा ब्रश आपल्यासमोर पडतो, आपण तो उचलून देतो. तो आभार मानत बूट चमकवायला बसतो, घरच्या अडचणी सांगतो आणि शेवटी भरमसाट पैसे मागतो.

दुकानातलं कार्डाचं यंत्र विचारतं, 'रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात?' ही फसवणूक म्हणता येणार नाही. पण रुपये निवडले की विनिमयाचा दर समोरचा ठरवतो आणि तो बहुधा महाग पडतो. तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडा.

म्हणून प्रत्येक माणसाकडे संशयानं बघायची गरज नाही. तसं केलं तर प्रवासाची मजाच जाईल. एकच प्रश्न मनाशी विचारायचा: बोलणं कुणी सुरू केलं? आपण होऊन ज्याला रस्ता विचारतो तो बहुतेक वेळा भला निघतो. गर्दीच्या ठिकाणी न बोलावता जो आपल्याकडे येतो, हातात काही देतो किंवा आपला बेत बदलायला लावतो, तिथे सावध व्हायचं. थांबायचं नाही, हात पुढे करायचा नाही, कारणंही द्यायची नाहीत. कारण दिलं की घासाघीस सुरू झाली.

दोरा बांधलाच, थोडे पैसे गेलेच, तर हुज्जत घालत बसू नका. त्यांचे साथीदार जवळच असतात आणि आपलं लक्ष गुंतलं की पाकीट जातं. कार्ड गेलं तर आधी बँकेला कळवून ते बंद करा. पासपोर्ट गेला तर पोलिसांत तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घेऊन भारतीय दूतावास गाठा. युरोपात तातडीच्या मदतीसाठी 112, थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांसाठी 1155.

आणखी एक गोष्ट खास तरुण मंडळींसाठी. आई-बाबांना घेऊन जाल आणि तेच फसतील, तर 'सांगितलं होतं ना!' म्हणू नका. शे-पाचशे रुपयांचं दुःख संध्याकाळपर्यंत ओसरतं, पण मुलांसमोर वेडे ठरल्याची बोच राहते. मग पुढच्या वेळी मोठं काही घडलं, मोबाईलवर कुणी भामट्यानं घाबरवलं, तरी ते आपल्याला सांगत नाहीत. फसवणाऱ्यांचं सगळ्यात जास्त फावतं ते या गप्प बसण्यामुळे. तेव्हा हसून सोडून द्या, आणि घरी आल्यावर किस्सा त्यांनाच रंगवून सांगू द्या.

भीड भिकेची बहीण, असं आपली जुनी माणसं म्हणत आली. आणि भीड मोडणारा शब्द आपल्याच गावात रोज कानावर पडतो. दक्खनी बोलीतला 'नक्को' हा मूळचा आपलाच 'नको'. पॅरिस असो की बँकॉक, हसून, मान हलवून, न थांबता म्हणायचं, 'नक्को!' अर्थ कळला नाही तरी सूर सगळीकडे कळतो.