मूळ प्रतीचा हट्ट

रामनगरच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात काशीनरेशांच्या जुन्या मोटारी आहेत. बनारसला आलेल्या मराठी पाहुण्यांना तिथे नेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "कुणीतरी या गाड्या पुन्हा मूळ स्थितीत आणायला हव्यात." त्यातल्या 'मूळ' या शब्दाशी माझं भांडण आहे. मी भाषांतरं करते, त्यामुळे हे भांडण जुनंच. या वेळी ते नटबोल्टांवरून आहे, इतकंच.

हौशी मंडळींचं 'मूळ' म्हणजे कारखान्यातून निघाली त्या दिवसाची गाडी. तिचा शोध सोपा नाही आणि त्या मेहनतीचा मला आदर आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे व्हिटवर्थ पद्धतीचे आटे ५५ अंशांचे, अमेरिकन गाड्यांचे ६० अंशांचे. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात रेटला की आटे जातात. मिस्त्री ज्याला 'स्टार' म्हणतात तो फुलीचा पेच अमेरिकन मोटारउद्योगात १९३६च्या सुमारास आला. म्हणून १९३०च्या गाडीत तो दिसला, तर तिथे नंतरचा हात लागला आहे हे उघड होतं. पाठचिकित्सक एखाद्या शब्दावरून प्रक्षेप ओळखतो, तसंच हे.

वाद आहे तो ओळखलेल्या प्रक्षेपाचं काय करायचं, याचा. रिवाज असा की तो उपटून भंगारात टाकायचा आणि मुंबईच्या चोरबाजारातून, कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून किंवा थेट परदेशातून 'अस्सल' भाग आणायचा. मी म्हणते, यात अस्सलपणाचाच बळी जातो.

जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत, शिवडीला, सुट्या भागांतून गाड्या जोडल्या. म्हणजे तिथून निघालेल्या 'अमेरिकन' गाडीच्या पहिल्या प्रतीवरच मुंबईच्या कामगाराचा हात आहे. १९५४मध्ये तो कारखाना बंद झाला. आयातीवर निर्बंध होतेच. पुढे अशा गाड्या चालत्या ठेवल्या त्या गल्लीतल्या मिस्त्रींनी. कुणी लेथवर बुश कातला, कुणी दाराची कडी पितळेत घडवून घेतली, कुणी दुसऱ्याच गाडीचा पंप बसवला. गाडीच्या आयुष्यातली बहुतेक वर्षं या दुरुस्त्यांची असतात. त्या पुसून आपण नेमकं कोणतं सत्य वाचवतो?

केंद्र सरकारने २०२१मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार नसावा, अशी अट आहे. गाड्यांची मनमानी मोडतोड रोखायला ती योग्यच. पण कायदा बदल झाला का, एवढं पाहील; तो कुणी आणि का केला, हे आपणच विचारायला हवं.

मग काय, प्रत्येक जुगाड पूज्य मानायचा? मुळीच नाही. ब्रेक धोक्याचा असेल तर बदललाच पाहिजे. प्रश्न पद्धतीचा आहे आणि ती आपल्याकडे आहे. कोपरगावहून काशीत येऊन स्थायिक झालेल्या नीलकंठ चतुर्धरांनी सतराव्या शतकात ठिकठिकाणच्या पोथ्या जमवून महाभारताचे पाठ ताडून पाहिले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. नीलकंठांच्या संहितेतलेही पुष्कळ श्लोक तिने मूळ मानले नाहीत. पण नाकारलेल्या ओळी तळटीपांत आणि परिशिष्टांत छापल्या. त्या संहितेतून गेल्या, ग्रंथातून नाही.

गाडीचंही तसंच व्हावं. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपा. तो कुणी, कुठे, कधी बसवला हे कळेल तेवढं लिहा. नव्या भागावर नवं साल कोरा. त्या मिस्त्रीने पुस्तक लिहिलेलं नसतं. त्याने कातलेला बुश भंगारात गेला की त्याचा शेवटचा पुरावा जातो. काढलेले भाग जो दाखवू शकत नाही, त्याने गाडी नवी केली असं खुशाल म्हणावं. जीर्णोद्धार केला असं म्हणू नये.