फास्टर फेणे मोठा का झाला?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत मी मराठी शिकवतो. शनिवारी शाळा सकाळची असते. शेवटच्या तासाला मुलांचे लक्ष पुस्तकात नसते, घराकडे लागलेले असते. म्हणून त्या तासाला मी एखादी गोष्ट वाचून दाखवतो. मागच्या पावसाळ्यात मी भा. रा. भागवत यांचे फास्टर फेणेचे पुस्तक वाचायला घेतले. तिसऱ्या शनिवारी नववीतला एक मुलगा उभा राहिला.

"सर, मी मोबाइलवर फेणेचा पिक्चर पाहिला," तो म्हणाला. "त्यातला फेणे तर मोठा आहे. डॉक्टर होण्याची परीक्षा द्यायला आला आहे. त्यात एक मुलगा मरतो. तुमच्या पुस्तकातला फेणे आमच्याएवढा आहे. मग तो मोठा का झाला?"

"अरे, तो सिनेमा आहे. सिनेमात असे करतातच," मी म्हणालो. तेवढ्यात घंटा झाली आणि माझी सुटका झाली. पण घरी जाताना मला वाटले, हे काही उत्तर नव्हे. त्याने प्रश्न नीट विचारला होता. मी मात्र तो टाळला. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी फेणेच्या गोष्टी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. त्याचे खरे नाव बनेश फेणे. गाव फुरसुंगी, पुण्याजवळचे. तो पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो. अंगाने किडकिडीत, पण सायकलवर बसला की वारा! म्हणून मित्र त्याला 'फास्टर' म्हणतात. काही नवल दिसले की त्याच्या तोंडून 'ट्टॉक्' असा आवाज निघतो. तो कधी काश्मीरला जातो, कधी प्रतापगडावर. जिथे जाईल तिथे संकट त्याच्यापुढे उभे राहते, किंवा तोच संकटापुढे जाऊन उभा राहतो. त्याला उडता येत नाही. त्याच्या अंगात दहा माणसांचे बळ नाही. त्याच्याजवळ फक्त चौकस डोळे आहेत, आणि दुसऱ्यावर अन्याय होत असेल तर गप्प न बसण्याची सवय आहे. अमेरिकेतल्या मुलांना जसा सुपरमॅन, तसा मराठी मुलांना हा फेणे होता. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर त्याची मालिकाही झाली. तिच्यात सुमीत राघवन फेणे झाले होते. मालिकेतला फेणेही शाळकरी पोरगाच होता.

भागवतांचा जन्म १९१० चा. २००१ मध्ये ते वारले. त्यांनी मुलांसाठी खूप लिहिले. ज्यूल व्हर्नच्या साहसकथाही त्यांनीच मराठीत आणल्या. त्यांच्यानंतर सोळा वर्षांनी, म्हणजे २०१७ साली, 'फास्टर फेणे' हा चित्रपट आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. अमेय वाघ यांनी फेणेचे काम केले. हा फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्याला येतो. तिथे धनेश नावाच्या मुलाशी त्याची ओळख होते. लगेच धनेशच्या मृत्यूची बातमी येते. सगळे म्हणतात, त्याने आत्महत्या केली. फेणेला ते पटत नाही. तो शोध घेऊ लागतो, तेव्हा परीक्षेच्या मागे चाललेला पैशांचा मोठा गैरव्यवहार बाहेर येतो. गिरीश कुलकर्णी यांनी साकारलेला अप्पा नावाचा गुंड पाहून मोठ्या माणसालाही भीती वाटते. जुन्या पुस्तकांतले उन्हाळी सुटीचे ऊन या चित्रपटात फारसे नाही. रात्र बरीच आहे.

असे फक्त फेणेच्या बाबतीत झाले आहे का? नाही. जगभर हेच चालले आहे. बॅटमॅनचेच पाहा. वटवाघळासारखा वेष करून रात्री गुंडांना पकडणारा हा नायक १९३९ मध्ये अमेरिकेतल्या एका चित्रकथेत आला. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईवडिलांना गोळ्या घातलेल्या असतात. म्हणजे मुळातच ती गोष्ट काही हसरी नव्हती. पुढे तिकडचे पालक तक्रार करू लागले की या चित्रकथांनी मुले बिघडतात. मग १९५४ मध्ये प्रकाशकांनी आपणच एक नियमावली केली आणि बॅटमॅन अगदी सोज्वळ झाला. १९६६ च्या दूरदर्शन मालिकेत तर तो जवळजवळ विनोदी होता. ठोसा मारला की पडद्यावर रंगीत अक्षरे उमटत! नंतर वारे फिरले. १९८६ मध्ये फ्रँक मिलर यांनी म्हातारा, रागावलेला बॅटमॅन काढला. १९८९ मध्ये टिम बर्टन यांचा चित्रपट आला. २००५ आणि २००८ मध्ये ख्रिस्तोफर नोलन यांनी त्याला आणखी अंधारात नेले. २०१९ मध्ये त्याचा शत्रू जोकर याच्यावर स्वतंत्र चित्रपट निघाला. अमेरिकेत सतरा वर्षांखालच्या मुलांना तो पालकांशिवाय पाहता येत नव्हता. गंमत पाहा, जो खलनायक मुलांच्या पुस्तकात जन्मला, त्याच्याच चित्रपटाच्या दारात मुलांना अडवले!

सुपरमॅनचीही तीच गत झाली. १९३८ पासून तो निळ्या-लाल कपड्यांत लोकांना वाचवत होता. २०१३ च्या चित्रपटात त्याने शत्रूची मान स्वतःच्या हातांनी मोडली. अनेक जुन्या वाचकांना ते फार लागले. २०२५ मध्ये नवा सुपरमॅन आला, तो मात्र पुन्हा उजळ रंगांचा आणि माणसांवर माया करणारा आहे. तेव्हा वारे कायम एका दिशेने वाहत नाही.

आता माझे मत सांगतो. गोष्टीत अंधार आला म्हणून मी नाराज नाही. माझे काही मित्र नाराज आहेत. ते म्हणतात, "आमचा फेणे निरागस होता. त्याला खुनाच्या गोष्टीत कशाला ओढले?" मला ते पटत नाही. त्याचे कारण आपल्याच जिल्ह्यात आहे.

३ मार्च २०२३ रोजी बारावीचा गणिताचा पेपर होता. परीक्षा सुरू होण्याआधीच प्रश्नपत्रिकेची पाने सिंदखेडराजा परिसरात मोबाइलवर फिरू लागली. सिंदखेडराजा म्हणजे जिजाऊंचे जन्मगाव. त्या गावाचे नाव त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्रात पोहोचले, ते या कारणाने. विधानसभेतही हा विषय निघाला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. अटक झालेल्यांत शिक्षकही होते. मी शिक्षक आहे. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो.

त्या दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलीची मोठी बहीण बारावीच्या परीक्षेला बसली होती. मुलीने मला सांगितले, "सर, बाजी वर्षभर पहाटे चारला उठायची. तिचा पेपर चांगला गेला. पण संध्याकाळी बातमी ऐकून ती रडली. म्हणाली, आता माझ्याही मार्कांवर कोण विश्वास ठेवेल?"

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशातला बऱ्हाणपूर जिल्हा लागतो. त्या राज्यात वैद्यकीय प्रवेश परीक्षेत एकाच्या नावावर दुसराच बसल्याची प्रकरणे २०१३ मध्ये उघड झाली. त्याला व्यापम प्रकरण म्हणतात. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा तपास सीबीआयकडे दिला. २०२४ मध्ये देशभरच्या नीट परीक्षेचीही प्रश्नपत्रिका काही ठिकाणी फुटली. तेव्हा चित्रपटातला अंधार लेखकाने हौसेने आणलेला नाही. तुम्ही दोन-तीन वर्षांनी ज्या परीक्षा देणार आहात, त्यांच्याच दारात तो उभा आहे. फेणेने आज तिकडे पाहिले नसते, तर तो फेणे कसला?

येथे एक फरक लक्षात घ्या. नायकाच्या भोवतीचे जग अंधारे असणे वेगळे आणि नायकच अंधारा होणे वेगळे. नव्या बॅटमॅनच्या मनातही रात्रच आहे. तो हसत नाही. 'मी लोकांचे भले करतो आहे की वाईट?' हे त्याचे त्यालाच कळेनासे होते. २००८ च्या चित्रपटात तर एका गुन्हेगाराला शोधण्यासाठी तो साऱ्या शहराचे फोन ऐकण्याचे यंत्र वापरतो. अर्थात मोठ्या माणसांना विचार करायला लावणारी ती गोष्ट आहे. मी ती दोनदा पाहिली आहे. पण अमेय वाघ यांचा फेणे तसा झालेला नाही. त्याच्याभोवती खून आहे, पैसा आहे, धमक्या आहेत. तो मात्र तसाच चौकस आणि बडबड्या राहिला आहे. एका दिवसाची ओळख असलेल्या मुलासाठी तो जीव धोक्यात घालतो. 'ट्टॉक्' सुद्धा शाबूत आहे. चित्रपटात खुद्द भा. रा. भागवत हे एक पात्र आहे. दिलीप प्रभावळकर यांनी ते काम केले आहे. फेणे त्यांच्याच घरी राहायला येतो. लेखकाच्या घरी त्याचेच पात्र भाडेकरू! ही कल्पना मला फार आवडली.

मग माझी तक्रार कोणती? तीच, जी त्या नववीतल्या मुलाची होती. फेणे मोठा का झाला?

उत्तर साधे आहे. ज्यांनी लहानपणी फेणे वाचला, ते मोठे झाले. आता त्यांच्या खिशात पैसे आहेत. तिकीट तेच काढतात. बॅटमॅनचेही असेच झाले. प्रेक्षकाचे वय वाढले, म्हणून नायकाचेही वाढवले. व्यवहार म्हणून यात चूक नाही. पण बारा वर्षांच्या मुलाचे काय? त्याच्या वयाचा एक मुलगा या चित्रपटात आहे. त्याचे नाव भुभू. हुशार आहे, धीट आहे. पण तो मदतनीस आहे. गोष्ट त्याची नाही. भागवतांच्या पुस्तकात गोष्ट त्याचीच असती. शाळकरी पोरगा पुढे आणि मोठी माणसे मागे, हीच तर त्या पुस्तकांची सारी मजा होती. अंधार ठेवायचाच होता, तर तो शाळकरी फेणेपुढे ठेवता आला असता. पेपर काय फक्त डॉक्टरकीचेच फुटतात?

हे मी वर्गात बोललो तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, उमरो अय्यारचे उलटे झाले ना?"

मी त्याला पुढे बोलावले. त्याचे म्हणणे ऐकून मीच विद्यार्थी झालो. तुम्हां सर्वांना अमीर हमजाची दास्तान माहीत आहे. हमजाचा मित्र उमरो अय्यार, त्याची जंबील नावाची झोळी. तिच्यात काहीही मावते आणि तिच्यातून काहीही निघते. ही दास्तान मुळात मोठ्यांची. अकबर बादशहाला ती इतकी आवडे की त्याने तिची सुमारे चौदाशे चित्रे काढून घेतली. त्या कामाला पंधरा वर्षे लागली. पुढे दिल्लीत जामा मशिदीच्या पायऱ्यांवर दास्तानगो ती सांगत आणि बाजार उठल्यावर माणसे ऐकत बसत. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने तिचे जाडजूड खंड छापले. त्यांत लढाया आहेत, कपट आहे, मुलांपुढे वाचू नये असेही बरेच आहे. मग कोणीतरी त्यातून उमरोच्या गमती वेचल्या आणि मुलांसाठी छोटी पुस्तके केली. तीच आज तुमच्या घरांत आहेत. त्या मुलाच्या दादीजवळ असे एक पुस्तक आहे, मुखपृष्ठ फाटलेले.

म्हणजे उमरो मोठ्यांकडून मुलांकडे आला आणि फेणे मुलांकडून मोठ्यांकडे गेला. मला हे सुचले नव्हते. मी त्या मुलाला विचारले, "मग तुझे मत काय? फेणेला परत आणावे का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तो राहू द्या पुण्याला. आमच्यासाठी दुसरा कोणी लिहा. मलकापूरचा."

वर्ग हसला. मीही हसलो. पण पुढच्या शनिवारी मी त्यांना तेच काम दिले. सायकल घेऊन शाळेत येणारा मलकापूरचा एक मुलगा किंवा मुलगी घ्या आणि दोन पाने लिहा, असे सांगितले. मराठी चुकली तरी चालेल म्हणालो. चाळीस वह्या आल्या. अकरा जणांनी पेपरफुटीवर लिहिले आहे. सात जणांनी कापसाच्या वजनातल्या लबाडीवर लिहिले आहे. एका मुलीची नायिका बुरखा सावरत सायकल चालवते आणि रेल्वे फाटकाजवळ चोराला गाठते. तिने आपल्या नायिकेच्या तोंडी 'ट्टॉक्' ऐवजी दुसराच आवाज घातला आहे. तो कोणत्या अक्षरांत लिहावा हे तिला कळेना, म्हणून तिने तिथे जागा कोरी सोडली आहे. सोमवारी मी तिला तो आवाज काढून दाखवायला सांगणार आहे.