नखशिखांत

'नखशिखांत' हा शब्द आपण वाङ्मयाच्या तासाला अनेकदा ऐकतो. नखापासून शेंडीपर्यंत नायिकेचे वर्णन करावयाचे, ही आपल्या कवींची जुनी हौस. नखे आणि केस म्हणजे नटण्यामुरडण्याचा विषय, ही समजूत आपल्या मनात त्यातूनच रुजली की काय, अशी मला शंका येते. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने ग्रासलेल्या माणसाला मात्र या समजुतीची किंमत मोजावी लागते.

मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की काही रुग्णांच्या नखाचा मुळाकडचा अर्धा भाग पांढुरका आणि टोकाकडचा तांबूस-तपकिरी होतो. मध्ये आखल्यासारखी सीमा. १९६७ साली लिंडसे या डॉक्टरांनी त्याला 'अर्धे-अर्धे नख' असे साधेच नाव दिले. लघवीवाटे प्रथिने फार जाऊन रक्तातील अल्ब्युमिन उतरले, तर नखाखाली पांढऱ्या आडव्या जोडरेघा दिसतात. नख वाढले तरी त्या पुढे सरकत नाहीत, कारण त्या नखात नसून खालच्या मांसात असतात. अल्ब्युमिन सुधारले की पुसल्या जातात. उलट, मोठ्या दुखण्यात नखाची वाढ थबकून पडलेली खाच नखाबरोबर पुढे जाते. बोटाचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. म्हणजे सहा महिन्यांची रोजनिशीच बोटावर!

अर्थात हे हस्तसामुद्रिक नव्हे. अशी नखे प्रत्येक रुग्णाला होत नाहीत आणि त्यांवरून आजार किती वाढला हेही कळत नाही. त्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवी तपासावी लागते.

केसांची कथा अधिक केविलवाणी. त्वचेतील तेलग्रंथी आक्रसतात, केस कोरडे, निस्तेज होतात, तुटतात, विरळ होतात. रक्तक्षय, प्रथिनांची व जस्ताची कमतरता, डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपारिन, अशी कारणे अनेक. आपले लोक मात्र तेल बदलतात, नाहीतर जाहिरात वाचून जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणतात. या आजारात 'अ' जीवनसत्त्व शरीरात साठत जाते, आणि ते अति झाले तर केस उलट गळतातच!

आणीबाणीत, १९७५ साली, स्थानबद्ध असलेल्या जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि १९७९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे आयुष्य डायलिसिसवर चालले. तो अवघड शब्द पुष्कळ मराठी घरांत तेव्हाच पोहोचला असावा. आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. उपचार जवळ आला, हे मोठेच काम झाले. पण आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास यंत्राला जोडून घेणाऱ्या बाईने "केस फार गळतात हो" म्हटले, की उत्तर ठरलेले: "जीव वाचतोय ना? केसांचे काय घेऊन बसलात!" मला हे उत्तर निर्दय वाटते. शिवाय ते अडाणीपणाचेही आहे, कारण त्या तक्रारीमागे उतरलेले हिमोग्लोबिन किंवा अपुरा आहार असू शकतो.

आपण नाशिककर रामकुंडावर रोज मुंडन केलेली डोकी पाहतो. त्यांच्याकडे कोणी टक लावून पाहत नाही. त्या केसांमागे एक कारण आहे, एक विधी आहे, भोवती माणसे आहेत. आजाराने विरळ झालेल्या केसांच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. लग्नकार्यात अशी बाई पदर डोक्यावरून ओढून घेते, मेंदी लावून नखे झाकते, आणि आपण म्हणतो, "हौशी आहे."

डायलिसिसने अर्धे-अर्धे नख सहसा बदलत नाही. मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले, तर मात्र ती तपकिरी पट्टी हळूहळू नाहीशी होते. रोपणाची वाट पाहणाऱ्याला घरातल्या कोणीतरी हे सांगितले पाहिजे, आणि ते सांगताना त्याचा हात हातात घेऊन नखे पाहिली पाहिजेत.