मुखपृष्ठावरची तबकडी

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या फोर्ट भागातील पदपथावर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, 'मोजो' या ब्रिटिश संगीत-मासिकाचा एक जुना अंक मला मिळाला. मुखपृष्ठावर वाळलेल्या डिंकाचे पिवळट ठिपके होते आणि त्यांच्या मधल्या कागदाचा वरचा पापुद्रा निघून आलेला होता. तेथे कधीकाळी एक सीडी चिकटवलेली होती. आतले एक संपूर्ण पान त्या सीडीतील पंधरा गाण्यांना दिलेले होते. प्रत्येक गाण्यावर चार-पाच ओळी: गायक कोण, हे गाणे येथे का घेतले, आधीच्या गाण्याशी त्याचे नाते काय. ते पान मी दोन-तीनदा वाचले. ज्यांच्याविषयी ते लिहिलेले होते, त्यांतले एकही गाणे मी ऐकलेले नव्हते.

मराठी वाचकाला ही अवस्था अपरिचित नाही. संगीतावरचे आपले पुष्कळसे चांगले लेखन आपण असेच वाचत आलो आहोत. वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' १९६१ साली प्रसिद्ध झाले. ते वाचणाऱ्या पुढच्या पिढ्यांतील अनेकांनी त्यात विवेचिलेले सारेच गायक ऐकलेले असणे शक्य नव्हते. अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे तर ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने आपल्यापर्यंत आलेच नाही. अशा वेळी समीक्षकाच्या शब्दावर विसंबण्यावाचून वाचकाला गत्यंतर नसते. या विसंबण्यातून मराठीला संगीतवर्णनाची संपन्न परिभाषा लाभली हे खरे. परंतु समीक्षकाचे विधान पडताळून पाहण्याची सोय वाचकाजवळ नव्हती, हेही तितकेच खरे. संगीत-मासिकांबरोबर फुकट मिळणाऱ्या संकलन-सीडीने ती सोय करून दिली. त्यामुळे विक्री वाढवण्याची क्लृप्ती एवढीच तिची संभावना करणे मला अन्यायाचे वाटते. ती समीक्षेचाच एक प्रकार होती, असे माझे म्हणणे आहे.

छापील अंकाबरोबर आवाज देण्याची कल्पना सीडीहून जुनी आहे. सोव्हिएत संघात १९६४ पासून निघणाऱ्या 'क्रुगोझोर' या मासिकाच्या अंकातच पातळ, लवचीक तबकड्या घातलेल्या असत. जानेवारी १९७९ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने हंपबॅक देवमाशांच्या गाण्याची अशीच तबकडी अंकासोबत दिली. तिच्या १ कोटी ५ लाख प्रती काढल्या गेल्या. ब्रिटनमध्ये 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने १९८१ साली 'रफ ट्रेड' या कंपनीच्या सहकार्याने 'सी-८१' ही ध्वनिफीत काढली. कोऱ्या फितींना मिनिटांवरून सी-६०, सी-९० म्हणत, त्यावरून हे नाव आले. ती मात्र फुकट नव्हती. वाचकाने अंकातील कूपने कापून दीड पौंडासह पाठवायची होती. सीडी आल्यावर हा व्यवहार सोपा झाला. 'बीबीसी म्युझिक मॅगझिन'ने १९९२ पासून प्रत्येक अंकाबरोबर पाश्चात्त्य अभिजात संगीतातील रचनांची सीडी दिली. अमेरिकेत 'सीएमजे न्यू म्युझिक मंथली'ने आणि इंग्लंडमध्ये 'मोजो', 'अनकट', 'द वायर' यांनी संकलनाची वाट धरली. आपल्याकडे मात्र फुकट सीडी म्हटली की 'डिजिट', 'चिप' यांसारखी संगणकविषयक मासिकेच अधिक आठवतात. संगीताची परदेशी मासिके येथे आली ती बहुधा महाग किंवा जुनी होऊन, आणि जुनी झालेली बरेचदा सीडीवाचून.

'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'चीच १९८६ सालची 'सी-८६' ही फीत साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. साप्ताहिकातील तिघा पत्रकारांनी लहान कंपन्यांकडचे २२ वाद्यवृंद निवडले आणि त्यांचे प्रत्येकी एक गाणे घेतले. पुढे 'सी-८६' हे एका संगीतशैलीचेच नाव होऊन बसले: गिटारचा किणकिणता नाद, हळवी चाल, थोडे हौशी वादन. प्रत्यक्षात त्या फितीवरचे बोगशेड, स्टंप, बिग फ्लेम यांसारखे अनेक वृंद खरखरीत, तुटक, कानाला बोचणारे वाजवीत. संकलनाचे शीर्षक संप्रदायाचे नाव झाले आणि त्या नावात न बसणारे बाजूला पडले. 'तार सप्तक'चे (१९४३) उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. अज्ञेयांनी एकत्र आणलेले सात कवी एका पंथाचे नव्हते, तरी पुढच्या इतिहासलेखनाने त्यांच्यापासून प्रवाह मोजले. संकलनाची शक्ती ही अशी असते, आणि तिचा धोकाही तोच. १८५४ मध्ये परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी 'नवनीत' सिद्ध केले, तेव्हापासून जुनी मराठी कविता म्हणजे काय याची कल्पना कित्येकांनी त्यातील वेच्यांवरून केली. जे वेच्यांत आले नाही, ते त्यांच्यापुरते नव्हतेच.

यावर आक्षेप उघड आहे. गोडबोले काही विकत नव्हते, मासिके विकत होती. नव्या गाण्यांचे हक्क कंपन्या अनेकदा प्रसिद्धीच्या बदल्यातच देत. म्हणजे ज्या गाण्याची शिफारस संपादक करी, त्याच गाण्याची जाहिरात त्याच्या हातून होत असे. जे गाणे वापरायला परवानगी मिळे तेच निवडीत येई, आणि निवड स्वतंत्र असल्याचा आभास मात्र राही. हा आक्षेप मी नाकारत नाही. जुलै २००७ मध्ये प्रिन्सची 'प्लॅनेट अर्थ' ही संपूर्ण नवी ध्वनिमुद्रिका 'मेल ऑन संडे' या वृत्तपत्राबरोबर लाखो घरांत फुकट गेली आणि त्याच्या ब्रिटनमधील वितरक कंपनीने ती दुकानांत आणण्याचा बेत सोडून दिला. तेथे निवडीचा प्रश्नच नव्हता. ते निव्वळ वाटप होते, आणि फुकट वाटपाने संगीताची किंमत लोकांच्या मनात उतरते ही विक्रेत्यांची तक्रार मला निराधार वाटत नाही.

तरीही वाटप आणि संकलन यांत भेद करायला हवा. संकलनाला मर्यादा असते. सीडीवर ७४ ते ८० मिनिटांहून अधिक मावत नाही, म्हणून एक गाणे घ्यायचे तर दुसरे सोडावे लागते. त्याला अनुक्रम असतो, आणि कोणत्या गाण्यानंतर कोणते ठेवले यातच पुष्कळसे विवेचन होऊन जाते. जुने मूळ गाणे आणि त्याचा नंतरचा अवतार शेजारी ठेवले, तर प्रभाव या संकल्पनेवर वेगळा परिच्छेद लिहावा लागत नाही. 'मोजो'ने २००६ मध्ये बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'ची गाणी निरनिराळ्या कलावंतांच्या आवाजांत एकत्र केली, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीच्या कृतीचे ते एक वाचनच होते. शिवाय संकलनामागे एक पत्ता असतो. निवड पटली नाही तर पुढच्या अंकात पत्र पाठवता येते. 'सी-८६'वर अनेक वर्षे वाद झाले आणि २०१४ मध्ये ती फीत तीन सीडींच्या संचात पुन्हा निघाली, तेव्हा मुळात वगळलेल्या कितीतरी वृंदांना तीत जागा मिळाली. चूक निश्चित होती, म्हणूनच ती दुरुस्त करता आली.

आज गाण्यांच्या याद्यांना तोटा नाही. 'स्पॉटिफाय'ने २०१५ पासून प्रत्येक श्रोत्याला दर आठवड्याला त्याच्यापुरती वेगळी यादी द्यायला सुरुवात केली. ही सेवा भारतात २०१९ मध्ये आली. अशा याद्यांतून मलाही चांगली गाणी मिळाली आहेत. पण माझी यादी माझ्या शेजाऱ्याजवळ नाही, त्यामुळे तिच्याविषयी आम्हा दोघांत बोलणे होत नाही. एखादे गाणे तेथे का आले हे चार ओळींत कोणी सांगत नाही आणि ते तेथे नको होते असे म्हणायला समोर कोणी संपादक नाही. माझ्या मागील आवडींवरून माझी पुढची आवड काढली जाते. वाचकाला न आवडणारे, पण त्याने ऐकलेच पाहिजे असे काही त्याच्यापुढे ठेवणे, हे जुन्या संपादकाचे धाडस होते. 'क्यू' हे मासिक २०२० मध्ये बंद पडले, त्याआधी आणि नंतरही अशी काही नियतकालिके गेली. त्यांच्यासोबत या धाडसाची जागा आक्रसली.

दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ग्रंथालयांसाठी. अंक बांधताना सोबतची तबकडी वेगळी होते, मग कोणाची तरी होते आणि शेवटी कोणाचीच राहत नाही. अंकाच्या नोंदीतच तिचीही नोंद व्हावी, कारण तिच्यावाचून ते वर्णनाचे पान अर्धेच उरते. दुसरी आपणा शिकवणाऱ्यांसाठी. विद्यार्थ्याला एखाद्या कवीवर निबंध लिहायला सांगण्याऐवजी, कधीतरी दहा कवींच्या दहा कविता निवडून त्यांचा क्रम लावायला सांगावा. प्रत्येक कवितेखाली चार ओळी आणि शेवटी स्वतःची सही हवी. काय घेतले यापेक्षा काय सोडले आणि का, हे वर्गापुढे सांगताना त्याची खरी परीक्षा होईल.

फोर्टमधल्या त्या अंकातील पंधरा गाण्यांपैकी तेरा मला पुढे महाजालावर सापडली. पानावर छापलेल्या क्रमाने मी ती एका संध्याकाळी ऐकली. सहाव्या गाण्याविषयीचा मजकूर मला अतिशयोक्त वाटला होता. पाचवे संपून सहावे सुरू झाले तेव्हा तो तसा का लिहिला ते समजले. नवव्याविषयी मात्र संपादकाशी माझे मुळीच जमले नाही. उरलेली दोन गाणी अजून मिळालेली नाहीत. त्यांच्यापुरता मी पुन्हा शब्दावर विसंबून आहे.