परीक्षा म्हणे!

परवा एका व्याख्यानाला जाऊन बसलो, ही माझीच चूक. परदेशी शिक्षणाचं मोफत मार्गदर्शन होतं. सभागृह पालकांनी भरलेलं, व्यासपीठावर उकाड्यातही कोट न काढणारे एक गृहस्थ. त्यांचा सिद्धान्त दीड वाक्याचा: अमेरिकेचा विद्यार्थी-व्हिसा ही परीक्षा आहे, तयारी केली तो पास, नाही केली तो नापास. उरलेलं अर्धं वाक्य असं की, तयारी त्यांच्याकडे करून मिळते. फीचा तक्ता बाहेर टेबलावर ठेवला होता.

माझ्या शेजारच्या बाईंच्या मुलाला पंधरवड्यापूर्वीच नकार मिळाला होता. ‘नापास’ शब्द आला तशी त्यांनी मांडीवरची फाइल पदराखाली सारली. मी उठून बोलणार होतो, पण प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही. म्हणून इथे लिहितो.

परीक्षा कशाला म्हणतात हे महाराष्ट्रात कुणाला शिकवायला नको. तिला अभ्यासक्रम असतो, गुण असतात, पटलं नाही तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. व्हिसाच्या खिडकीतून हातात पडतो तो एक छापील कागद. त्यावर बहुतेकदा २१४(बी) हे कलम असतं. हे कलम अमेरिकेच्या १९५२च्या इमिग्रेशन कायद्यातलं. त्याचा अर्थ असा: समोरचा अर्जदार कायमचं राहायलाच निघाला आहे असं आधी धरून चाला, तसं नाही, हे त्यानं अधिकाऱ्याचं समाधान होईल असं दाखवून द्यावं. आपल्याकडे खिसेकापूसुद्धा गुन्हा शाबीत होईपर्यंत निर्दोष असतो. इथे बावीस वर्षांच्या पोरानं, अजून न केलेली गोष्ट आपण पुढेही करणार नाही, याचा पुरावा दोन-तीन मिनिटांत द्यायचा. नाही पटला तर अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो. पुन्हा १८५ डॉलर भरून.

आता या ‘परीक्षे’तला खरा अवघड प्रश्न घ्या. आधी पैसे आहेत हे दाखवायचं: कर्जमंजुरीचं पत्र, मुदत ठेवींच्या पावत्या, सीएचा नेटवर्थचा दाखला. बापानं घर तारण ठेवून चाळीस लाख उचललेले. त्याचा हप्ता इथल्या पहिल्या पगारातून फिटणार नाही, हे अधिकाऱ्यालाही कळतं आणि पोरालाही. खरं उत्तर सरळ आहे: शिक्षण झाल्यावर तिथेच काही काळ काम करून फेडीन. यात चोरी नाही. पदवीनंतर १२ महिने आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणिताच्या विद्यार्थ्यांना त्यावर २४ महिने कामाची सवलत तोच देश देतो. तिथली विद्यापीठं ती मिरवतात. पण खिडकीपाशी तिचं नाव काढू नका, असं आपले गृहस्थ बजावतात. वडिलांचा व्यवसाय सांभाळायचाय म्हणा! वडील बँकेत कारकून. खरं उत्तर लिहू नका असं सांगणारा मास्तर मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

आणि हे परतीचं ओझं कुणावर? शिकायला जाणाऱ्यावर. जो एच-वन-बीवर नोकरीलाच जातो, त्याला याच कलमातल्या गृहीतकातून सूट आहे. शिकणाऱ्यानं परत येईन म्हणावं, कमावणाऱ्यानं न म्हटलं तरी चालतं. कुठल्या गाइडमध्ये सापडेल हे?

माझ्या भाचीला पहिल्या खेपेला तीन प्रश्नांत परत पाठवलं. दीड महिन्यानं तीच फाइल, तेच कर्ज, तीच उत्तरं, खिडकी फक्त वेगळी, व्हिसा मिळाला. दीड महिन्यात ती हुशार झाली असावी.

गृहस्थांचे बाकीचे मुद्दे. ‘अधिकारी चेहरा वाचतो.’ मग ज्योतिष म्हणा, परीक्षा कशाला? ‘खोट्या दाखल्यांनी संशय ओढवून घेतला.’ खरं आहे. ते दाखले विकणारेही कोटच घालतात. ‘मराठी माध्यमाची मुलं अडखळतात.’ या वादात मी वीस वर्षं घालवली आहेत, आज नाही. या गृहस्थांपेक्षा हैदराबादजवळचा चिलकूरचा ‘व्हिसा बालाजी’ बरा. नवस बोलताना ११ प्रदक्षिणा, फळाला आल्यावर १०८. दर आधी ठाऊक, आणि नाही पावला तर देव कुणाला नापास म्हणत नाही.

‘मायदेशाशी घट्ट नातं दाखवा’ हे पालुपद ऐकलं की मला जुनं भांडण आठवतं. परत न येणाऱ्यांना कृतघ्न म्हणणाऱ्या एका सज्जनांशी ते झालं होतं. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा ‘का जातेस?’ हे त्यांना अमेरिकेनं नव्हे, आपल्याच लोकांनी विचारलं. उत्तर द्यायला बंगालमधल्या सेरामपूरला भाषण करावं लागलं. आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले; परतून संस्थानची नोकरी करण्याचा लेखी करार होता. ते परतले, करार पाळायला बडोद्याला गेले, आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. नातं घट्ट ठेवायची जबाबदारी नेहमी जाणाऱ्याचीच का, हे त्या सज्जनांनी मला अजून सांगितलेलं नाही.

मग करायचं काय? माझ्याकडे थोडंच आहे. हेच विद्यापीठ आणि हाच विषय का, हे पोरानं आधी आजीला मराठीत सांगून पाहावं. तिला कळलं तर खिडकीपलीकडेही कळेल. पाठ केलेलं बोलू नये. कागद खरे असावेत. अर्ज इतका आधी करावा की दुसरी खेप सत्र सुरू होण्यापूर्वी मिळेल. निरोपाची जेवणं पासपोर्टवर शिक्का बसेपर्यंत थांबवावीत. आणि घरात ‘नापास’ शब्द वापरू नये. ‘नकार’ म्हणावं, तोच खरा शब्द आहे.

सभा सुटल्यावर यातलं थोडंसं मी त्या बाईंना जिन्यात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण भाऊ, ते १८५ डॉलर पुन्हा भरायचेच का?”

भरायचेच, म्हटलं.