‘रेड अलर्ट’ आला, पुढे काय? वादळाआधीचे ४८ तास कसे वापरायचे?

यलो, ऑरेंज, रेड. अलर्टचे रंग आता सगळ्यांना पाठ आहेत. मेसेज आला की तो लगेच फॉरवर्डही होतो. पण त्यानंतर घरात नेमकं काय करायचं, हा प्रश्न कोकणात अजूनही उरतोच.

‘निसर्ग’ने काय दाखवलं?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलं. इशारा आधीच मिळाला होता. लोकांना हलवलं गेलं, त्यामुळे जीवितहानी मर्यादित राहिली. पण कौलं आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. जीव वाचला, पण छप्पर आणि पुढच्या अनेक वर्षांचं उत्पन्न गेलं.

पूर फक्त पावसामुळे येतो का?

नाही. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. प्रचंड पाऊस, फुगलेली वाशिष्ठी आणि त्यात समुद्राची भरती. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी वर चढतं आणि नदीच्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. धरणाच्या विसर्गावरून तेव्हा बराच वादही झाला. म्हणून खाडीकाठी राहत असाल तर अलर्टच्या रंगासोबत भरतीची वेळही बघा.

४८ तास हातात असतील तर?

चक्रीवादळाचा ‘अलर्ट’ हवामान विभाग साधारण ४८ तास आधी देतो, तर ‘वॉर्निंग’ २४ तास आधी. पहिला टप्पा घरासाठी वापरा, दुसरा माणसांसाठी.

- सैल पत्रे आवळून घ्या, घरावर झुकलेल्या फांद्या तोडा.
- छपरावरची पाण्याची टाकी भरून ठेवा. रिकामी टाकी उडते.
- घर, वाडी, बोट यांचे फोटो आत्ताच काढा. पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात.
- सातबारा, आधार, रेशनकार्ड, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.
- औषधं, पिण्याचं पाणी, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक एका पिशवीत ठेवा.
- वारा अचानक थांबला तर लगेच बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. उलट्या दिशेचा वारा मागून येतो.

मदतीसाठी ११२, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, समुद्रात तटरक्षक दल १५५४.

सगळं घरच्यांनीच करायचं?

नाही. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१९ मध्ये ‘फनी’ आलं तेव्हा १० लाखांहून जास्त लोकांना हलवलं गेलं आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मधल्या २० वर्षांत तिथे पक्के निवारे उभे राहिले, गावागावांत स्वयंसेवक तयार झाले, सराव झाले.

कोकणात निवारा म्हणजे बहुतेकदा गावातली शाळा. ‘निसर्ग’मध्ये अनेक शाळांचीच छपरं उडाली. त्यामुळे पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा: आपला निवारा कुठला? त्यावर स्लॅब आहे की पत्रे? आणि रात्री दोन वाजता त्याची चावी कोणाकडे असेल?